शेवटची चौकट

शेवटी पडदा नुसता पांढरा.
मग नावं.

वार्दोच्या थिएटरात कोट चढवताना
ओड्वार म्हणाला, मेली कोल्हीण.
बर्फात असंच मरतात, आवाज न करता.
समुद्रात भाऊ गेलेल्या माणसाशी
कोण वाद घालणार?

रागन्हिल्डबाई म्हणाल्या, सुटली.
गेल्या महिन्यातच घर सोडलंय त्यांनी.

सहा वर्षांचा ईलिफ
खुर्चीखाली बूट शोधत होता.
तिथूनच बोलला:
उन्हाळ्यात ती तपकिरी होती ना,
आता थंडीची लव आलीय.
तिथेच आहे ती.
फक्त डोळे मिटलेत.

सगळे गेले.
मी पॉपकॉर्न झाडून घेतलं,
दिवा मालवायला हात नेला, आणि राहिलो.

पडद्याच्या कोपऱ्यात जुना एक डाग आहे,
काळा, बोराएवढा.
कित्येक वर्षं पुसायचा राहून गेलाय.
बरंच झालं.