सदतीस अंश

मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये
फ्रिज सोडला तर सगळ्यात थंड जागा म्हणजे इनक्युबेटर.
बाहेर सेहेचाळीस, कूलरचं पाणी अकरालाच संपलेलं,
आत सदतीस. अंगाएवढी ऊब,
आणि बशीत रात्रभर वाढणारे ते.

कालचा नमुना : पराते, कवडू, वय एकसष्ट,
तांडापेठ. डावा तळपाय. साखर जुनी.
कापसाची काडी आगरावर फिरवली होती,
आधी उभी, मग आडवी.
सकाळी झाकण उचललं तर
उतरलेल्या द्राक्षांचा वास
आणि बशीभर मोरपंखी.

दुपारी तो स्वतःच आला रिपोर्ट न्यायला,
पायाला पॉलिथिन बांधून.
"दाखवा ना जी, काय निघालं ते."
दाखवायची पद्धत नाही. दाखवलं.
काचेआडून बराच वेळ बघत राहिला.
"हा रंग मी काठाले लावला हाये.
चाळीस वर्सं. असा पक्का कधी बसला नाई."

मी सांगितलं, हे एकेकटे राहत नाहीत,
जखमेवर पातळ पडदा विणतात स्वतःभोवती,
औषध वरच्यावर निथळून जातं.
"अन् माग कोणाचा?"
उत्तर येत होतं. दिलं नाही.

रिपोर्टवर आर, आर, आर, आर,
अगदी खाली एक एस,
त्याची किंमत मी त्याला सांगितली नाही,
मेडिकलवाल्यानं सांगितली.

सिस्टर डोंगरवार रोज तो पडदा खरवडतात,
मग पातळ व्हिनेगरमध्ये भिजवलेली गॉजची घडी.
चायनीजच्या गाडीवर असतं तेच,
फक्त मोजून पाणी घातलेलं.
कवडू पराते ओरडत नाही.
मोजतो. अकरा, बारा, तेरा,
तुटलेले धागे मोजावेत तसा.

जुलैत जखम लाल, दाणेदार,
कडांनी कातडी आत सरकते आहे
दिवसाला एखादा धागा. एखाद्या दिवशी तोही नाही.
"मेले का सगळे?"

बशीत आज पांढरे ठिपके, पाच-सहा,
कातडीवरचे नेहमीचे रहिवासी.
हे असतात. असू द्यायचे.
यांनी जागा धरून ठेवली तर
मोरपंखीवाल्यांना परतायला अवघड जातं,
निदान आम्ही तसं मानतो.
कागदावर लिहिते : दखल घेण्याजोगी वाढ नाही.

"म्हणजे आपलेच शेजारी," तो म्हणतो,
कागदाची चौघडी करतो
आणि विचारतो, पावडीवर पाय केव्हा ठेवू?
ते सांगणारी मी कोण.

ती मोरपंखी बशी अजून फ्रिजमध्ये आहे,
टेप लावून, मागच्या कप्प्यात.
ऑटोक्लेव्हमध्ये कधीच जायला हवी होती.
उद्या टाकते.