बाकी तीस

जामनेर रोडच्या मागच्या गल्लीत, पिठाची गिरणी
आणि पंक्चरचं दुकान यांच्यामधे
एक शटर कायम अर्धंच वर असतं.
ग्राहक क्रमांकाचे शेवटचे आकडे सातशे चार.
मी महिन्यातून एकदा जाते.
मीटर आतल्या भिंतीवर, मैद्याच्या पोत्यांच्या वर,
स्टुलावर चढून फोटो काढावा लागतो.

बोर्डावरची अक्षरं: गोल, काडी, चौकट,
पोरानं काड्यापेटी उपडी केल्यासारखी.
खाली भुसावळच्या रंगाऱ्यानं लिहिलंय, कोरीयन बेकरी,
री दीर्घ, आणि तिच्यावर एक फूल, स्वतःच्या मनाचं.

बाईचं नाव ओक-सून.
गल्लीनं ओक गाळला, सूनबाई ठेवलं.
बासष्ट वर्षांची सूनबाई,
सासू कुणीच नाही, किंवा सगळ्याच.
ती इथं कशी आली
याच्या गिरणीवाल्याकडे तीन गोष्टी आहेत,
पंक्चरवाल्याकडे चौथी.
मी विचारलं नाही.
मीटर आलेलं मोजतं, कुठून आलं ते नाही.

एप्रिलात, दुपारी दोन, बाहेर पंचेचाळीस.
तोंडाला स्कार्फ गच्च, डोळे तेवढे उघडे,
आमच्याकडे सगळ्याच पोरी अशा हिंडतात
दरोडा घालायला निघाल्यासारख्या.
स्टुलावरून उतरले तर तिनं कागदावर एक पाव पुढे केला,
तपकिरी, टम्म, मधोमध चिमूटभर काळे तीळ.
'दान,' ती म्हणाली. मग 'पात'. मग 'पांग'.

मी मनात जुळवलं.
दान, म्हणजे पैसे नकोत.
पात, म्हणजे आत कांद्याची पात.
आणि पांग?
हा शब्द फक्त आईच्या तोंडी ऐकलेला,
मामानं आजीचे पांग फेडले नाहीत, या वाक्यात.
इतकं जुनं मराठी हिला शिकवलं कुणी?

गल्लीच्या तोंडाशी स्कार्फ खाली ओढला, चावा घेतला,
जीभ कांद्यासाठी तयार ठेवून.
आत पुरण.
पुरणच, पण हरभऱ्याच्या डाळीचं नव्हे, लालसर काळं,
वेलदोडा नाही, जायफळ नाही,
उकडलेल्या चवळीचा वास, गोड बेताचं,
जणू सण नसताना, कुणी पाहुणा येणार नसताना
साध्या मंगळवारी घातलेलं.
गाडीला टेकून अख्खा खाल्ला.
पुढच्या घराचं रीडिंग त्या महिन्यात चुकलं.

मे महिन्यात
स्टुलावरून उतरताना गल्ल्यामागची वही दिसली, उघडी.
उधारीची. नावं नव्हती, चित्रं होती.
एक सायकलचं चाक: चाळीस.
एक मिशी: साठ.
एक दप्तर: दहा.
एक गुंडाळलेलं डोकं, त्यात दोन टिंबं:
तीस.

मी टिंबांकडे पाहिलं. टिंबांनी माझ्याकडे.

'ताई, ते त्या पावाचं नाव आहे व,'
फालकांचा लोकेश ट्रे पुसता पुसता हसायला लागला,
'अख्खं एकच नाव. तुम्ही त्याचे तुकडे केले.
पात म्हणजे ती बारीक लाल चवळी,
अन् पांग म्हणजे आपला पाव.'

आणि मी! दारोदार थकबाकी सांगत हिंडणारी,
मागच्याच गल्लीत एका म्हातारीला
विलंब आकार म्हणजे काय ते
दोनदा समजावून आलेली.

तीस दिले. वर आणखी तीस, आणखी एकासाठी.
तोही तिथंच खाल्ला, स्कार्फ सोडून, स्टुलावर बसून,
ती बघत होती आणि मी पहिल्यांदाच
तोंड भरलेलं असताना तिला 'छान' म्हणाले.
तिला ते काय ऐकू गेलं कोण जाणे,
तिच्या भाषेत छान म्हणजे काहीतरी असेलच,
कारण तिनं लगेच कपभर पाणी आणून दिलं.

मग वही ओढली.
वाटलं, खोडेल.
तीसवर काट मारली, डोकं ठेवलं,
आणि त्या दोन टिंबांच्या खाली
पेन्सिलीनं एक आडवी रेघ काढली, किंचित वाकडी,
तोंड.

मागील रीडिंग चार हजार एकशे नव्वद.
चालू रीडिंग चार हजार सहाशे बारा.
फोटोवर अंगठ्याचं पीठ आलंय, आकडे नीट दिसत नाहीत.
शेरा: पुन्हा भेट आवश्यक.