खालचं टोक

मी काठ्या करतो.
गुरं हाकायच्या नव्हे, रस्त्यानं चालायच्याही नव्हे.
कड्यात कोरलेल्या आमच्या देवळात बाक नाहीत;
शनिवारी मध्यरात्रीपासून रविवारचं ऊन
निवडुंगांवर चढेपर्यंत सगळ्यांनी उभंच राहायचं.
त्या उभं राहण्याच्या काठ्या.

लाकूड रानजैतुनाचं. माथ्यावर आडवी मूठ,
कोरीसारखी किंचित वाकलेली, काखेत बसेल अशी.
माप घ्यायला माणसाला भिंतीशी उभं करतो
आणि सांगतो, ताठ नको,
दमल्यावर राहतोस तसा राहा.
तरुण पोरं हसतात. त्यांना तसं उभं राहता येत नाही.
त्यांची काठी हमखास उंच होते.
पाच-सहा वर्षांनी येतात मग,
बोटभर कमी करून द्या म्हणतात.

तेक्ले गेला त्याला आठ वर्षं झाली.
आधी खार्टूम, मग वाळवंट,
मग समुद्रकाठच्या कुठल्याशा गावातून एक फोन,
बावीस सेकंदांचा.
"अबोय, उद्या," एवढंच ऐकू आलं.
उद्या काय, ते त्या पाण्याला ठाऊक.

तेव्हापासून मागतोय.
दोन वर्षं रडून मागितलं, तिसऱ्या वर्षी भांडून.
पंचावन्न दिवसांचा मोठा उपास
एकदा शंभरापर्यंत ओढला,
म्हटलं बघू, आधी कोण दमतं.
मी दमलो.
आता प्रभूचं नाव घेतो आणि पुढचं विसरतो,
म्हातारा माणूस आतल्या खोलीत जाऊन
आलो कशाला ते विसरतो, तसा.

गेल्या थंडीत केशी वोल्दूंना म्हणालो,
माझा विश्वास संपत आला असावा.
ते गुडघ्यांच्या तेलाची बाटली शोधत होते.
म्हणाले, आपल्या गावात काठ्या कोण करतं रे?
मी.
कशासाठी?
लोक दमतात म्हणून.
मग, म्हणाले, आणि तेवढ्यात बाटली सापडली.
मग ते तेलच चोळत बसले.
पुढे बोललेच नाहीत.

अर्धा उतार मी त्यांच्यावर चिडलेलाच होतो.
शेणाच्या गोवऱ्या घेऊन चाललेल्या बायकांना
वाट द्यायला थांबलो, तिथे सुचलं :
ज्यांनी ही उपासना आखली
त्यांना ठाऊक होतं, पोटऱ्यांत गोळे येणार,
कंबर धरणार, पहाटे ढोल वाजत असतानाच
डोळे मिटणार.
उपासना त्यांनी आखूड केली नाही.
दमलेल्याला बाहेरही काढलं नाही.
दारात काठ्या ठेवल्या.
तोसुद्धा एकदा भर दुपारी
विहिरीच्या काठावर बसला होता ना, थकून,
परक्या बाईकडे पाणी मागत.

घरी लेतेब्रहान कॉफी करते.
काळ्या जेबेनात एकाच पुडीवर तीन वेळा पाणी.
पहिला पेला कडक, दुसरा बरा,
तिसरा म्हणजे गरम पाणी,
कॉफीची थोडी आठवण असलेलं.
त्या तिसऱ्यालाच आमच्याकडे बेरेका म्हणतात, आशीर्वाद.
तो घेतल्याशिवाय उठायचं नसतं.
ती तेक्लेचं नाव काढत नाही,
पण पेला एक जास्तीचा मांडते, धुते, परत पालथा घालते.
मी हल्ली तिसरा पेला सावकाश पितो.

कोपऱ्यात एक काठी आहे.
तो एकोणीसचा असताना घेतलेलं माप
दाराच्या चौकटीवर कोळशानं ओढलेलं आहे,
पण पोरं विशीनंतरही थोडी वाढतात म्हणे.
आणि दमून किती वाकला असेल, तेही धरायला हवं.
मूठ घासून झाली आहे. दर पेरणीला तेल देतो,
लाकूड पिऊन टाकतं.
खालचं टोक तेवढं कापलेलं नाही.
ते तो भिंतीशी उभा राहिला की.