पहिला ओरखडा

जुना पिकअप विकून, दोन वर्षं थांबून
डॅडनं हे पिस्तूल घेतलं.
स्लाइड अशी बसवलेली, फटीत केस शिरणार नाही.
"पाचशे गोळ्या झाडा, मग मोकळी होईल,"
कारागिरानं चिठ्ठीत लिहिलेलं.
डॅडनं झाडल्या एकवीस.
मग नुसतं तेल, फडकं, पेटी.
आयडाहोतले अकरा हिवाळे.

ती मोकळी व्हायच्या आत
त्याची बोटं आखडली.
आज स्लाइड अर्ध्यावर अडली,
तो खोटंच खोकला
आणि पिस्तूल माझ्याकडे सरकवलं.

मी एका दमात खेचली.
पुसून परत जोडताना मात्र
स्लाइड-स्टॉपची पिन निसटली:
निळ्या पोलादावर बारीक चंद्रकोर.

मी जीभ चावली.
तो चष्मा पुसून बघत राहिला. बराच वेळ.
"हं. सुटलो एकदाचा," म्हणाला.
"घेऊन जा, मार्नी. उरलेल्या तू झाड."