भोकं किती

दुकान म्हणजे फोन.
खाली खोली, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर अण्णा,
आणि सकाळी नऊ ते सव्वानऊ
समोरच्या प्लास्टिकवाल्याच्या पत्र्यावरून उडी मारून
आमच्या उंबऱ्यावर येणारं ऊन.
तेवढ्यात फोटो काढून घ्यायचे.
पांढरा कार्डपेपर, वर पाकीट जरा तिरकं,
कोपऱ्यात गटार येऊ द्यायचं नाही.

धारावी लिहू नकोस, कुरियरवाला इसाक म्हणाला,
मुंबई लिही. मुंबई विकते.
मी दोन्ही लिहिलं.

'तुमची गोष्ट सांगा' असा एक रकाना असतो.
पाचशे अक्षरं.
लिहिलं : तीन पिढ्यांची कारागिरी.
आजोबांना गावात ज्या नावानं हाक मारायचे
ते दोन अक्षरी होतं, सहज बसलं असतं.
लिहिलं. बघितलं. खोडलं.
फोन म्हणाला, अजून पुष्कळ जागा शिल्लक आहे.

कमावणं हा शब्द आमच्याकडे
आधी कातड्याला लागतो, मागून पैशाला.
आठशे नव्याण्णवच्या पट्ट्यातून
त्यांचं कमिशन, खोका, टेप, परत आलेल्याचा भुर्दंड
वजा जाता उरतं
त्याला अण्णा कातरण म्हणतात.

एकानं पाकीट परत पाठवलं : चामड्याचा वास येतो.
त्याच दुपारी बंगळुरूहून पाच तारे :
व्वा, खराखुरा चामड्याचा वास!
एकीनं ओरखड्याचा फोटो टाकला.
सांग तिला, अण्णा वरून ओरडले,
म्हैस एकदा काटेरी तारेखालून गेली होती.
मी लिहिलं : नैसर्गिक खूण.
कुणी विचारलं, आईसाठी चपला हव्यात,
काहीतरी एकदम खास करून द्याल का?
अंगाच्या कातड्याचे जोडे, मी मनात म्हटलं,
तो पर्याय आमच्या यादीत नाही, दादा.

सांगलीच्या शर्वरी डबीर मात्र नुसती मापं पाठवायच्या.
बाबांच्या जुन्या घड्याळाला पट्टा, रुंदी अठरा मिलिमीटर.
मनगट सात इंच. भोकं सहा.
आतून अक्षरं : वि. ना. डबीर.
आठ महिन्यांनी : तोच पट्टा, मनगट साडेसहा.
जुन्याची शेपटी लोंबते.
दिवाळी झाल्यावर : सहा.
भोकं आठ करा, आतल्या बाजूला जास्त.

अण्णांनी काही विचारलं नाही. मीही नाही.
त्यांनी आठ पाडली,
मग जरा थांबून नववं.
ह्याचे पैसे लावू नको, म्हणाले.
त्या कातड्याचा उरलेला तुकडा
गुंडाळून आढ्याला अडकवला.
मला वाटलं, विसरले.

मार्चात पुन्हा ऑर्डर. मनगट साडेपाच.
आकडा मी मोठ्यानं वाचला नाही,
शिडीवर चढून फोनच त्यांच्यासमोर धरला.
अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
आता कसला राहतोय पट्टा, म्हणाले,
घड्याळ कोपरापर्यंत जाईल.

खाली सूचनेत एक ओळ होती,
बहुधा चुकून दोनदा गेलेली :
भोकं पाच पुरेत. हात माझा आहे.
भोकं पाच पुरेत. हात माझा आहे.

शेजारच्या मशिनी चालूच होत्या.
अण्णांनी आढ्याची गुंडाळी काढली, झटकली,
गुडघ्यावर सरळ केली.
घडीत रंग गडद झाला होता.
फोटोसारखा नसेल, मी कळवलं.
तिकडून नुसता अंगठा आला.

आत नाव कुणाचं?
रकाना रिकामा होता.
मी परत विचारू का म्हटलं, तर त्यांनी हातानंच नको केलं.
ठशांच्या डब्यातून वि काढला, ना काढला,
फडक्यानं पुसून ओळीत मांडले,
आणि हातोडी हातात धरून
नुसतेच बसून राहिले.

नऊ वाजत आले होते.
मी खाली उतरून
कार्डपेपर अंथरला.