पायरी

स्लायगोच्या इस्पितळात, तळघरात, बॉयलरला पाठ लावून
माझं टेबल.
कोण कुठल्या पायरीवर, मला तोंडपाठ.
धुलाईतली ऑरला, चौथी; तिची तारीख नऊ मार्च.
स्वैपाकघरातला टोमाश, पोलंडचा, अजून पहिलीवरच.
फिनबार, रात्रपाळीचा वॉर्डबॉय,
वय छप्पन तरी बॉय,
सहावी.

वर्षाला एक पायरी.
कर कापून आठवड्याला अकरा युरो.
अकरा युरो म्हणजे किती ते फिनबारला विचारा.
तो घरामागच्या रॉकेलच्या टाकीत काठी बुडवतो,
ओल्या खुणेवर नख ठेवतो
आणि हिवाळा मोजतो.

मग डब्लिनहून परिपत्रक आलं.
वाढ गोठवायची. सगळ्यांची.
रेडिओवर कोणी साहेब म्हणाले,
सुक्याबरोबर थोडं ओलंही जळायचंच.

आमच्याकडे दलदलीतलं पीट जाळतात, साहेब.
ओलं जळत नाही, नुसतं धुमसतं,
आणि डोळे चुरचुरतात
ते त्याच घरातल्यांचे.

युनियनची सभा कॅन्टीनमध्ये झाली.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी बोलायला उभी राहिले.
म्हणाले, वरच्यांची वाढ थांबली
तर सुट्टी स्पेनऐवजी केरीत जाईल.
खालच्यांची थांबली तर
पुढचं वाक्य आठवेना.
ऑरलाने कप बशीत ठेवला, तेवढाच आवाज.
मग जे तोंडात आलं ते बोलले:
पायरी ओळखून राहा म्हणता,
ओळखतोच की, नंबरासकट.
निदान ती तरी पायाखालून काढू नका.

आठ महिने गेले.
निर्णय आला: पस्तीस हजारांच्या आत असणाऱ्यांची वाढ शाबूत.
एक रेघ.
रेघेखाली ऑरला, टोमाश, फिनबार.
रेघेच्या वर, एकशे चाळीस युरोंनी,
मी.
मागच्या नोव्हेंबरातल्या माझ्याच वाढीनं
मला उचलून पलीकडे ठेवलेलं.

आज फिनबारची तारीख.
सहा खोडून सात केला,
दोनदा तपासला. उगाच.
स्वतःच्या नावावरून बोट पुढे नेलं,
अनोळखी घरावरून नेतात तसं.

पाळी संपवून तो खाली आला,
दारातच उभा, टोपी हातात.
'आणि तुझं गं, ग्रॉन्या?'

म्हटलं, आत ये नाहीतर बाहेर जा,
दार लाव आधी,
ऊब चाललीय सगळी.