मधला शनिवार

महाप्याच्या या इमारतीला खिडक्या नाहीत.
आत बाराही महिने बावीस अंश,
आणि यंत्रांच्या पोटात यंत्रं, त्यांना भाज्यांची नावं:
दोडका, पडवळ, घोसाळं, सुरण.
नावं तांडेलने ठेवली. तुर्भ्याच्या मंडईवरून
रोज यायचा, दुसरं काय सुचणार त्याला.

घोसाळं कुणीतरी थांबवलं होतं
डिस्क हलवताना, आणि विसरलं.
आज पहाटे तीनला मी ते जागं केलं.
काळ्या पडद्यावर विचारलं, डेट?
म्हणालं, मंगळवार, रात्रीचे आठ चव्वेचाळीस.
(त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात.
आईने वेळ सांगितली तरी हल्ली मी मिळवते.)
मग विचारलं, आत कोण आहे?
तांडेल, म्हणालं.
तीन मिनिटांपूर्वी त्याने काहीतरी टाइप केलंय.

तांडेल त्याच गुरुवारी नोकरी सोडून गेला.
कुणी म्हणतं बहारीन. माझी छत्री त्याच्याकडेच राहिली.
दिवाळ्याचा तो. सांगायचा,
आमच्या खाडीची भरती रोज पाऊण तास उशिरा येते,
बाबा तिथीवरून बरोबर सांगतात.
तिला कुणी दुरुस्त करत नाही, मॅडम.

वेळ सुधारायच्या दोन रीती.
एक हळूहळू, सेकंदामागे अर्धा मिलिसेकंद,
यंत्राला कळतसुद्धा नाही.
कागदावर हिशोब केला:
अकरा दिवस असे भरून काढायला
साठ वर्षं.
दुसरी, उडी.

बघणारं कुणी नव्हतं.
तीनाची चार मिनिटं झाली, चाराची पाच.
घोसाळ्यात तो अजून खुर्ची मागे सारून
चहाला गेलेला,
येईलच.

सातव्या मिनिटाला मेकस्टेप लिहिलं. एंटर.

परत विचारलं, आत कोण?
तांडेल. अकरा दिवस निष्क्रिय.
थोड्या वेळाने तीही ओळ गेली.
लॉगमध्ये मंगळवारच्या खाली थेट शनिवार,
आणि तोही पुढचा; मधला एक शनिवार गिळून.
मधे रिकामी जागासुद्धा नाही.

बाहेर पडले तेव्हा पारसिकच्या डोंगरामागून
नुसतं पांढरं झालं होतं.
दारावर भोईरने वही पुढे केली.
तो सगळ्यांच्या नावापुढे सहाच लिहितो.
सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.
मी सही केली.